वायरलेसवाले आप्पा

हेलिकॉप्टर खाली आलं आणि त्याच्या वाऱ्यानं किसन भोयाचा तराफा उलटला.

मी काठावरच उभी होते. तराफ्यावर चौघं होती. किसन, आमच्या शेजारच्या आप्पांची बायको सरजा, आप्पांच्या सालगड्याची बायको मुक्ता, आणि मुक्ताच्या छातीशी लुगड्यानं बांधलेली तिची रांगती पोरगी. पूर्णेचं पाणी ओढ्यातून उलटं शिरून आप्पांच्या आखाड्याभोवती पसरलं होतं. शेतातल्या राहत्या घराला आमच्याकडं आखाडा म्हणतात. सरजा पहाटे गुरं सोडायला गेली आणि तिथंच अडकली. मुक्ता आणि तिचा नवरा बाबू तिथंच राहायचे. तिघं लेकराला घेऊन स्लॅबच्या खोलीवर चढली होती. किसन पिपांचा तराफा घेऊन गेला. एका खेपेला सगळी मावत नव्हती म्हणून बाबू मागं छतावर राहिला. बायका आधी, असं तोच म्हणाला.

हेलिकॉप्टर त्यांनाच वाचवायला आलं होतं. फौजेची रबरी होडीसुद्धा दुसऱ्या अंगानं त्यांच्याकडंच निघाली होती. तराफा, हेलिकॉप्टर, होडी, तिन्ही मदतीला आली आणि एकालाही दुसऱ्याची खबर नव्हती.

तराफा उलटला तेव्हा काठावर एकदम गलका झाला. मग किसनचं डोकं दिसलं. त्यानं मुक्ताला केसाला धरलं होतं. सरजा आपली आपणच हातपाय मारत होती. पाण्यात एक बाभूळ अर्धी बुडालेली उभी होती. चौघंही तिला जाऊन अडकली. काटे लागले असतील, पण त्या वेळी काटे कोण बघतं? हेलिकॉप्टर घाबरून वर गेलं आणि घिरट्या घालायला लागलं.

आप्पा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी एकदा बाभळीकडं बघितलं आणि मागं वळून ग्रामपंचायतीच्या ओट्याकडं चालायला लागले. बायका ओरडल्या, "अहो, बायको तिकडं लोंबकळायलीय आन् तुमी कुठं चाललाव?" ते चालतच राहिले.

ते का वळले हे कळायला माणूस माहीत पाहिजे. म्हणून ते आधी सांगते.

आप्पा फौजेत वायरलेसवर होते. हवालदार म्हणून रिटायर होऊन गावी आले. गावानं त्यांना पहिल्या दिवसापासून सुभेदार केलं. ते प्रत्येकाला थांबवून सांगायचे, "हवालदार. सुभेदार न्हाई." दहा वर्षं सांगितलं. गावानं ऐकलं नाही, त्यांनीही सोडलं नाही. अंगानं काटकुळे, कानात केस, आणि दाढी मात्र रोज. घरात मयत झालं तरी दुसऱ्या दिवशी दाढी केलेली. बोलणं कमी. हसले तर फक्त नाकातून वारा निघायचा.

मी चौथी शिकलेली बाई. फौजेचं मला काय कळणार? पण शेजार होता आणि मला विचारायची लाज नाही. एकदा विचारलं, "आप्पा, तुमी तिथं नेमकं करायचे काय? बंदूक तर धरली न्हाई म्हणता."

"जोडायचं काम, आक्का," ते म्हणाले. "फौज लांबून एक दिसती, पण एक नसती. जमिनीवरच्याचा सेट येगळा, विमानवाल्याचा येगळा, जहाजावरच्याचा येगळा. तिघं एकाच दुश्मनावर चाललेत, पण एकमेकाला हाक मारता येत न्हाई. ती हाक पोचवायची."

"म्हणजे एका घरात तीन सुना."

"बराबर. आन् मी सासू."

"सासूनं सुना बोलत्या केलेल्या मी तरी बघितल्या न्हाईत."

नाकातून वारा निघाला. म्हणजे आवडलं होतं.

वाळवंटातला एक सराव ते नेहमी सांगायचे. खोटी लढाई होती. जमिनीवरची पलटण दबा धरून बसलेली, ठरल्या वेळी वरून विमानं यायची आणि मग सगळ्यांनी मिळून पुढं जायचं. पलटण सकाळपासून वाट बघत बसली. विमान नाही. दुपारी जेवणं झाली, माणसं वाळूनं ताटं घासत बसली, तेव्हा विमानं डोक्यावरून गेली. मोठे साहेब लाल झाले. चूक कोणाची? चौकशी झाली तर कळलं, जमिनीवरच्यांनी आपल्या घड्याळाची वेळ लिहिली होती आणि विमानवाले सगळ्या जगाचं म्हणून एक घड्याळ असतं त्यानं चालायचे. आकडा तोच, वेळ वेगळी.

"मग चूक कोणाची निघाली?" मी विचारलं.

"कुणाचीच न्हाई. दोघंबी येळेवर होते. आपापल्या."

तेव्हापासून त्यांनी एक रीत धरली. दोन जातीचे सेट जोडायचे असले की ते आधी तारांना हात लावायचे नाहीत. दोन्हीकडची माणसं एका तंबूत बोलवायची, एकाच किटलीतला चहा पाजायचा आणि प्रत्येकाला मोठ्यानं सांगायला लावायचं, मी काय करणार, केव्हा करणार. वरचे साहेब चिडायचे की हवालदार चहात दिवस घालवतो. आप्पा म्हणायचे, तार जोडायला अर्धा घंटा लागतो, माणूस जोडायला दिवस.

दुसरी रीत परतून सांगायची. वायरलेसवर निरोप दिला की ऐकणाऱ्यानं तो जशाच्या तसा परत सांगायचा. तोवर निरोप पोचला असं धरायचंच नाही. फौजेत ते ठीक असेल. हा माणूस ती रीत घरी घेऊन आला. सरजाचं आणि त्यांचं रोजचं बोलणं भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं.

"मिरचीला पाणी सोडलंय. दुपारी मोटर बंद कर. काय सांगितलं?"

"तुमचं डोस्कं फिरलंय असं सांगितलं."

"परत."

"मी काय तुमच्या पलटणीत हाय का?"

"परत, सरजा."

"दुपारी मोटर बंद कर! झालं का समाधान, हवालदारसाहेब?"

मग आप्पा चप्पल घालून निघायचे. सरजा माझ्या दारात येऊन म्हणायची, "आक्का, लग्नात सप्तपदी झाल्यावर ह्यांनी भटजीकूनबी परत म्हणून घेतलं असंल." मोटर मात्र ती एकदाही विसरली नाही.

मलाही सोडलं नाही. एकदा माझ्या पोरासाठी निरोप दिला आणि दारात उभे राहिले. मी म्हटलं, कळलं. ते हलले नाहीत. मी दार लावून घेतलं. बाहेरून आवाज आला, "आक्का, परत न्हाई सांगितलं." मी आतून भाकरी थापत थापत सगळा निरोप ओरडून सांगितला तेव्हा गेले.

गावाला ते चक्रम वाटायचे. मलाही वाटायचे. पण एका उन्हाळ्यात गावाशेजारी कडब्याच्या गंज्या पेटल्या. तीन घरचे ट्रॅक्टर फवारणीच्या टाक्या घेऊन धावले. विहिरीवर मोटर चालू होती, पाणी भरपूर होतं. पण विहिरीच्या पाइपाचं तोंड एक, टाक्यांची तोंडं तिसरीच. कोणाचं कोणात बसेना. लोकांनी गोणपाट गुंडाळून धरलं, पाणी चहूकडं उडालं आणि गंज्या जळाल्या. आप्पा बाजूला उभे राहून ते बघत होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घरोघरी हिंडायला सुरुवात केली, की सगळ्यांनी पाइपाला एकाच मापाचा जोड बसवा. ज्याच्याकडं जाईल तो म्हणायचा, माझाच बराबर हाय, बाकीच्यांना बदलायला लावा. दोन भाऊ तर असे, की त्याच्या मापाचा जोड मी बसवणार नाही म्हणून बसले. आप्पांनी दोघांना आपल्या ओसरीवर बोलावलं, सरजाला एकाच किटलीत चहा करायला लावला. चहा पिऊन दोघं पुन्हा भांडूनच उठले. शेवटी आप्पांनी स्वतः जोड आणून रात्रीचं चोरून नाही, दिवसाढवळ्या, पाना घेऊन प्रत्येकाच्या टाकीला बसवले. लोकांनी शिव्या दिल्या आणि बसवू दिले.

असा माणूस. आता पुराकडं येते.

आप्पा ओट्याकडं गेले तसे आम्ही काही जणी त्यांच्या मागं गेलो. मोबाइलचा टॉवर सकाळीच बंद पडला होता. ओट्यावर फौजेचा एक पोरसवदा साहेब आणि त्याचा सेटवाला बसला होता. त्यांच्या सेटवर फक्त त्यांची होडी बोलायची. पोलिसांची जीप वर रस्त्याला उभी होती. तिच्यात जमादार वायरलेसवर वरच्या कचेरीशी बोलत होता आणि कचेरी हेलिकॉप्टरशी. किसनचा थोरला भाऊ देवबा दुसरा तराफा सोडायच्या तयारीत होता. त्याच्याकडं तर घसा सोडून काहीच नव्हतं.

साहेब हिंदीत बोलायचे, आप्पाही त्यांच्याशी हिंदीत. मला समजलं तसं आपल्या भाषेत सांगते.

आप्पा म्हणाले, "साहेब, जीप इथं ओट्याला लावू. तुमचा सेटवाला आन् जमादार पाठीला पाठ लावून बसतील. मधी मी बसतो."

साहेब वयानं लहान होता पण हेकेखोर नव्हता. त्यानं एकदाच विचारलं, "तुम्ही सिग्नलचे?" म्हणजे फौजेतले वायरलेसवाले. आप्पांनी मान हलवली. जीप खाली आली.

देवबाला आणायला मात्र धरून आणावं लागलं. तो ओरडत होता, "माझा भाऊ तिकडं बाभळीला चिकटलाय आन् तुमी बैठक लावायलाव का?"

आप्पा म्हणाले, "माझी बायकोबी तिथंच हाय, देवबा. बस."

तो बसला नाही, पण थांबला.

आप्पांनी सांगितलं ते असं. हेलिकॉप्टरनं आधी लांब जायचं, टेकडीच्या पलीकडं. त्याचा वारा पाण्याला लागता कामा नये. मग फौजेची होडी वरच्या बाजूनं सोडायची, तिला देवबाच्या माणसांनी काठावरच्या लिंबाला दोर बांधून धरायचं. बाभळीवरची चौघं उचलून होडी काठाला आली, की हेलिकॉप्टरनं माघारी येऊन छतावरच्या बाबूला घ्यायचं. देवबानं तराफा सोडायचा नाही.

"आता प्रत्येकानं परत सांगा," आप्पा म्हणाले.

तिकडं सरजा बाभळीला मिठी मारून होती. इकडं हा माणूस परत सांगा म्हणत होता. मी स्वतः म्हटलं, "आप्पा, ही काय येळ हाय का त्याची?"

त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सेटवाल्यानं परत सांगितलं. देवबानं दात खाऊन परत सांगितलं. जमादारानं सांगितलं, "हेलिकॉप्टर छतावरचा माणूस उचलेल, मग होडी जाईल."

"न्हाई," आप्पा म्हणाले.

"अहो, हेलिकॉप्टर डोक्यावरच हाय. मोकळं कशाला पाठवायचं? घेऊ द्या की त्याला आधी."

जमादाराचं म्हणणं मलाही पटलं. खोटं कशाला सांगू. पण छत आणि बाभूळ अगदी जवळ होती. आप्पा म्हणाले, "छतावर उतरलं की वारा बाभळीला लागतो. चौघंबी जातील. आधी बाभूळ, मग छत. परत सांगा."

जमादारानं परत सांगितलं. आधी बाभूळ, मग छत.

तेव्हा तो पोरसवदा साहेब म्हणाला, "छतावरचा माणूस थांबेल ना तोवर?"

"थांबंल, साहेब," आप्पा म्हणाले. "बाबू शहाणा हाय. आन् छत बुडायचं न्हाई."

हेलिकॉप्टर वळलं आणि टेकडीमागं गेलं. आवाज बंद झाला तसा पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला. होडी सुटली. देवबाच्या माणसांनी दोर सोडत सोडत ती बाभळीला नेऊन लावली. सगळं ठरलं तसंच झालं. आधी पोरगी घेतली, मग मुक्ता. सरजा हात सोडेना, तिला किसननं मागून ढकललं. मग किसन चढला. दोर ओढायला काठावरच्या बायकाही लागल्या, मीही लागले. होडी काठाकडं निघाली.

बाबू छतावर उभा राहून हे बघत होता. त्याला काय दिसलं असेल ते मी नंतर पुष्कळदा मनात लावून बघितलं. हेलिकॉप्टर त्याच्या डोक्यावर आलं, आणि गेलं. तराफा तर उलटलाच होता. होडी आली, बायको-पोरीला घेऊन निघून गेली. तो हात हलवून ओरडत होता. आम्ही काठावरून ओरडलो, "थांब! थांब!" पण त्या पाण्याच्या आवाजात आमचं आम्हाला ऐकू येत नव्हतं. त्याला वाटलं असेल, झालं, आता कोणी येत नाही.

त्यानं होडीच्या मागं उडी मारली.

विहिरीत पोहणारा गडी होता. पण विहिरीचं पाणी जागेवर असतं.

हेलिकॉप्टर बोलीप्रमाणं माघारी आलं. छत रिकामं होतं. ते छत संध्याकाळपर्यंत बुडालं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. बाबू दोन दिवसांनी खालच्या वळणावर सापडला. किसननंच काढला.

लोक आप्पांना म्हणायला लागले, चौघांचा जीव वाचवलात. साहेबानं जाताना सलाम ठोकला. आप्पांनी सलाम घेतला आणि घरी येऊन दाढीचं सामान काढून बसले. दाढी केली नाही. तसेच बसले. सरजाच्या दंडातले काटे मी सुईनं काढत होते. ती म्हणाली, "ह्यांना काहीतरी खायला सांगा, आक्का." मी सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.

बाबूच्या दहाव्याला मुक्तानं सगळ्यांसमोर विचारलं. आवाज चढवला नाही.

"आप्पा, हेलिकॉप्टर माघारी कोण धाडलं?"

"मी."

"परत येणार होतं?"

"येणार होतं."

"आमच्या मालकाला ते ठावं होतं का?"

"न्हाई."

"कामून न्हाई?"

"सगळ्यांना सांगितलं, सगळ्यांकून परत म्हणून घेतलं. त्याला सांगायची तजवीजच केली न्हाई. तो थांबंल असं मी धरून चाललो."

कोणीतरी म्हातारा मधे पडला, "अगं, ते काय मुद्दाम..." मुक्तानं त्याच्याकडं एकदा बघितलं. मुक्ता उठून आत गेली. आप्पा उन्हात तसेच बसून राहिले. मला तेव्हा दोघांचंही बरोबर वाटलं. आजही वाटतं. चौघांसाठी जे केलं ते चुकलं नव्हतं, आणि बाबूला सांगायचं राहिलं तेही खरं होतं. काही गोष्टींत दोन्ही असतं.

पुढच्या पावसाळ्याआधी आप्पा परत हिंडायला लागले. ह्या वेळी आखाड्याआखाड्यावर. त्यांनी सोपं करून आणलं होतं. काठावरून पांढरं धोतर उंच, न हलवता धरलेलं दिसलं, की समजायचं, तू आम्हाला दिसतोस, बसून राहा, कोणीतरी येतंय. एवढंच. देवबाला सांगितलं, जमादाराला सांगितलं, तलाठ्याला सांगितलं. गडी, म्हाताऱ्या, मेंढरामागची पोरं, सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांकडून परत म्हणून घेतलं. आता कोणी हसत नव्हतं. माझ्याकडं आले तेव्हा मी विचारायच्या आधीच सांगून टाकलं. मुक्ता तेव्हा गावात राहायला आली होती, सरजाच्या मागच्या खोलीत. आप्पा तिच्या दारात एकदाच गेले. ती म्हणाली, "मला सांगू नका." ते माघारी आले. सरजाशी ती बोलायची, कामालाही जायची. आप्पांशी कामापुरतं.

मी आप्पांना शेवटचं नीट बघितलं ते त्याच आखाड्यावर. ज्वारी कमरेला आली होती. मी हरभऱ्याची भाजी खुडून येत होते. हा माणूस स्लॅबवर चढून एकटाच वेळूला धोतर बांधून उभा. त्या वयात, शिडी लावून.

"उतरा की आता, पडाल," मी खालून म्हटलं.

"धोतर कुठवर दिसतं ते बघायलोय, आक्का. हितलं तिकडं दिसलं तर तिकडचं हितं दिसंल. तुमाला नदीच्या वाटंवरून दिसलं का?"

"मी बघितलं न्हाई. खाली बघून चालते मी."

"मग कोण बघितलं?"

नदीच्या वाटेनं मुक्ता गवताचा भारा घेऊन येत होती. तिनं वर बघितलं. भारा खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं, आणि थोडा वेळ उभं राहून नीट बघितलं. मग भारा उचलला आणि गावाकडं गेली.

"तिला दिसलं," मी म्हटलं. "चला."

"तुमी व्हा पुढं. ऊन कलल्यावर दिसतं का तेबी बघतो."

मी निघाले. वळणावरून मागं बघितलं तर धोतर तसंच सरळ धरलेलं होतं.

पुढच्याच उन्हाळ्यात आप्पा झोपेत गेले. पूर त्यानंतर पुन्हा तसा आला नाही. पुराच्या त्या दिवशी पाण्यातून चौघं जिवंत आली. सरजा, मुक्ता, मुक्ताची पोरगी आणि किसन भोई.